रजिस्टरातली तिसरी ओळ

बी.ए. झालो त्या हिवाळ्यात मी आणि माझे दोन मित्र जीप घेऊन नागपूरहून निघालो, ते वरोरा, चांदा, मूल, गडचिरोली, आलापल्ली करत थेट सिरोंच्यापर्यंत गेलो. त्या प्रवासाबद्दल मी पुढे कितीतरी वर्षं कोणाला धड काही सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर जंगल पाहिलं, तळं पाहिलं, दोन नद्या एक होतात ते पाहिलं, एवढं बोलून विषय बदलत असे. आता सांगतो.

एका मित्राच्या वडिलांचा इमारती लाकडाचा धंदा होता. लष्कराने मोडीत काढलेली एक जीप त्यांनी घेतली होती, आणि ती चालवायला याला मुभा होती. त्याला मी जीपवाला म्हणेन. दुसरा वकिलाचा मुलगा, स्वतःही कायदा शिकत होता. त्याचं इंग्रजी अक्षर इतकं सुरेख की कॉलेजातले सगळे अर्ज तोच लिहायचा. नावं मुद्दामच देत नाही. त्यांच्या नातवंडांनी हे वाचून खाली मान घालावी असं मला वाटत नाही.

मी पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि चौथी झालेला माणूसही एकच, माझा मोठा काका, तो सही करायचा आणि पंचांग वाचायचा. मी मॅट्रिक चांद्याला झालो आणि बी.ए. नागपूरला, सेकंड क्लासात. हे मी नम्रपणे सांगणार नाही. ज्यांच्या घरी आजोबाही वकील होते त्यांना त्याची किंमत कळायची नाही.

कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मी वर्गात उभा राहून प्राध्यापकांना म्हणालो, “मले समजलं नाई.” सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी ‘मला’ म्हणायला शिकलो, ‘काऊन’ टाकून ‘का’ म्हणायला शिकलो. त्या दिवशी न हसणारे दोघंच होते, हेच दोघं. चार वर्षं आमची मैत्री टिकली ती त्या न हसण्यावर.

तेव्हा मी नागपूरच्या एका शाळेत तात्पुरता शिकवत होतो. नाताळच्या सुट्टीला तीन दिवस उरले असताना जीपवाला माझ्या खोलीवर आला. खाटेवर पाय पसरून म्हणाला, “चल. तुझ्या मुलखात चाललोय. तू नसलास तर आम्हाला तिथं काय समजणार?” मी त्याच दिवशी धोबी गाठला. दोन शर्ट कडक इस्त्रीचे करून घेतले. कोणाला तरी माझा मुलूख पाहावासा वाटतो, आणि तो माझ्यासोबत पाहावासा वाटतो, यात मला इतका आनंद झाला की बोलावणं असं ऐनवेळी का आलं हे मनातसुद्धा आलं नाही.

माझ्या मनात दुसरीच गोष्ट होती. माझा सख्खा मामा जंगल खात्याच्या बंगल्यावर चौकीदार होता. आलापल्लीहून सिरोंच्याच्या वाटेवर, दाट सागवानात, कौलारू बंगला. साहेबलोक दौऱ्यावर आले की तिथे उतरत. मामा तिथे वीस वर्षं झाडलोट करत होता, अंघोळीचं पाणी तापवत होता, कंदिलाच्या काचा पुसत होता. बंगल्यात एक रजिस्टर असायचं. उतरणाऱ्याने त्यात आपलं नाव, गाव, तारीख लिहायची. सोबतच्यांची नावंही तोच लिहायचा. मामाला एक अक्षर येत नव्हतं, पण ते रजिस्टर तो खादीच्या फडक्यात बांधून ठेवायचा. लहानपणी मी त्याच्याकडे राहायला गेलो की एकेक पान उलटून सांगायचा, हे निळ्या शाईचं मोठ्या साहेबाचं, हे बारीक अक्षर मडमेचं. मी मॅट्रिक झालो तेव्हा तो म्हणाला होता, “तू इथी एकदा पाव्हणा होऊन ये. खाटेवर झोप. माह्या रजिस्टरात तुयं नाव पाह्यजे मले.” बाकी त्याने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

हे मी दोघांना वरोऱ्याजवळ सांगितलं. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि जीप बैलांच्या मागे मागे चालली होती. वकिलाचा मुलगा म्हणाला, “लिहू की. मोठ्या अक्षरात लिहू.” जीपवाला हसत म्हणाला, “बी.ए. पण लिहू, सेकंड क्लास पण लिहू.” मीही हसलो.

आमच्याकडची एक रीत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्या गावात पाहुणा आला की तो शिवेच्या आत आल्यापासून त्याने कशाला हात लावायचा नाही. त्याच्या पायावर पाणी घरधन्याने घालायचं, त्याचं गाठोडं घरधन्याने उचलायचं. तो खाटेवर, घरधनी खाली. तो आधी जेवेल, घरधनी मागून. माझ्या बापाने पाहुण्याचे बैलसुद्धा स्वतः पाण्यावर नेलेले मी पाहिले आहेत. यात कमीपणा नाही, उलट ज्याच्याकडे पाहुणा येतो त्याची मान वर असते. चांद्याचा परकोट मागे टाकून आम्ही जंगलाला लागलो तेव्हा माझ्या हिशेबी ते दोघं माझ्या शिवेत आले होते. तिथून पुढे ते माझे पाहुणे.

म्हणून ताडोब्याच्या तळ्यावर पाणी मी आणलं. चूल मी पेटवली. लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात रांधला, घरून आणलेली जवसाची चटणी माझ्याजवळ होती ती वाढली. त्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि मला कोण अभिमान वाटला. तिथल्या बंगल्याच्या खोलीत खाटा दोनच होत्या. मी माझी वळकटी व्हरांड्यात टाकली. सकाळी उठलो तर तळ्यावर धुकं उतरलेलं, पलीकडच्या काठावर सांबरांचा कळप पाण्याशी उभा, आणि मधूनच एखादी मोठी मासळी उसळली की पाण्याचा आवाज थेट आमच्यापर्यंत येई. दोघांना उठवून मी हे दाखवलं, जसं काही ते माझ्याच मालकीचं होतं. जीपवाल्याने तेव्हापासून मला ‘मंत्री’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे जंगलखात्याचा मंत्री. “मंत्री, चहा.” “मंत्री, हा पक्षी कोणता?” तिथला चौकीदार त्या दोघांना साहेब म्हणत होता आणि मला अरे-तुरे करत होता. मला वाटलं, माझी बोली ऐकून याने आपल्यातला म्हणून ओळखलं.

वैनगंगेवर पूल नव्हता. दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यावर जीप चढवायची. नावाडी घासाघीस करत होते, गाडी जड आहे म्हणत होते. मी धोतरं खोचलेल्या त्या माणसांशी आमच्या बोलीत बोललो, पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्यात उतरलो आणि त्यांच्यासोबत चाकं ढकलली. दोघं बाजूला वाळूवर उभे राहून फोटो काढत होते. एका फोटोत मी आहे, पाठमोरा, कमरेपर्यंत पाण्यात.

गडचिरोलीच्या पुढे रस्ता असा काही राहत नाही. नुसती तांबडी गाडवाट, दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू, मध्येच एखादं पाच घरांचं गाव, शेणाने सारवलेली अंगणं, आणि कुडाला टेकून उभी असलेली, जीपकडे बघणारी माडिया माणसं. पूर्वेकडे निळ्या डोंगरांची रांग दिवसभर आमच्यासोबत चालत होती. वकिलाचा मुलगा गात होता. त्याचा गळा चांगला होता. खरं सांगायचं तर ते तीन दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते, आणि म्हणूनच पुढचं मला अजून गिळता येत नाही.

मामाच्या बंगल्यावर आम्ही दुपार कलताना पोचलो. मी आलापल्लीहून आदल्या दिवशी एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला होता. मामा फाटकाशी उभा होता. अंगात सरकारी खाकी कोट, पितळेची बटणं चिंचेने घासून लख्ख केलेली. त्याने दोघांना सलाम केला. मग माझ्याकडे वळला आणि त्याला कळेना की याला काय करावं. क्षणभर थांबून त्याने मलाही सलाम ठोकला आणि म्हणाला, “या, तुमी बी या.” जन्मात पहिल्यांदा त्याने मला ‘तुमी’ म्हटलं. मी त्याच्या पाया पडलो.

खोलीत तीन खाटा होत्या. तिसरी त्याने नाकेदाराच्या घरून डोक्यावर आणली होती. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी, तो पलीकडच्या झोपडीत राहायचा. जीपवाल्याने तिसऱ्या खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, “ही कोणाची?”

“भाऊची,” मामा म्हणाला. “माह्या भाश्याची.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा दिसलं आणि तेव्हा काही कळलं नाही.

मामा एकटा सगळं करणार, म्हणून मी मागे त्याच्या हाताखाली गेलो. तो मला लाकूड उचलू देईना. मी पाहुणा होतो ना. मग मामा आणि मी हसत हसत कोंबडी साफ करायला बसलो. तेवढ्यात पुढे व्हरांड्यात रजिस्टर उघडलं गेलं. बंगल्यांत उतरायचा खात्याचा परवाना जीपवाल्याच्या नावाने होता, तेव्हा लिहायचं त्यांच्याकडेच होतं, आणि वकिलाच्या मुलाच्या त्या सुरेख अक्षरात माझं नाव उमटणार याचं मला बरंच वाटत होतं. मी हात धुऊन पुढे आलो तर टाक पुसून ठेवलेला.

“लिहिलं?” मी विचारलं.

“लिहिलं की,” वकिलाचा मुलगा म्हणाला. “तुझं पण लिहिलंय.”

त्या रात्री मी तिसऱ्या खाटेवर झोपलो.

सकाळी दोघं जीपमध्ये सामान भरत होते. मामाने मला मागच्या पडवीत बोलावलं. स्वतः अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून आला होता. त्याने फडकं सोडलं, रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर उकिडवा बसला.

“वाच.”

रकाने इंग्रजीत छापलेले होते. शेवटचं लिहिलेलं पान मी काढलं. पहिल्या ओळीत जीपवाल्याचं नाव, पुढे बी.ए., नागपूर. दुसऱ्या ओळीत वकिलाच्या मुलाचं, पुढे बी.ए., नागपूर. तिसऱ्या ओळीत त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्व्हंट, वन’. नोकर, एक. गावाच्या रकान्यात आडवी रेघ.

मी ते पुन्हा वाचलं. मग मागची पानं उलटली, नुसतं काहीतरी करायचं म्हणून.

“काय लिवलं?” मामा म्हणाला.

मी वाचलं. जीपवाल्याचं नाव वाचलं, वकिलाच्या मुलाचं वाचलं. आणि तिसऱ्या ओळीवर आलो तेव्हा माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, बी.ए., आणि आमच्या गावाचं नाव, असं सगळं सावकाश म्हणून दाखवलं.

“कुठी हाये? बोट ठेव.”

मी बोट ठेवलं. मामाने माझं बोट बाजूला सारून आपलं ठेवलं. वरून ओळी मोजल्या. “तिसरी,” तो म्हणाला, आणि पानाचा कोपरा अलगद दुमडून ठेवला, पुन्हा सापडावा म्हणून.

मी खोटं का बोललो याचं कारण त्या वेळी मला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगितलं असतं तर त्याच पडवीत, त्याच्या देखत, त्या दोघांना जाब विचारावा लागला असता. त्यांनी जे काही उत्तर दिलं असतं ते मामाला ऐकावं लागलं असतं. आपण त्याला वाचवलं, असं मला वाटलं.

सिरोंच्यापर्यंत मी बोललो नाही. दोघांच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर मामाला सोडून आल्याचं दुःख असेल असं त्यांना वाटलं असेल. प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते तिथे आम्ही काठावर जीप उभी केली. मी समुद्र तोवर पाहिला नव्हता. एवढं पाणी एका जागी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरी वाळू, पलीकडचा काठ धूसर, एका नदीचं पाणी गढूळ आणि दुसरीचं हिरवट, आणि दोन्ही बराच वेळ एकमेकांत न मिसळता शेजारून वाहत होती. कोळी जाळी वाळवत तेलुगूत बोलत होते. फार सुंदर जागा. मला तिचा अजून राग येतो.

जीपवाल्याने वाळूवर सतरंजी टाकली आणि म्हणाला, “मंत्री, चहा ठेव.”

“‘सर्व्हंट, वन’ म्हणजे कोण?” मी विचारलं.

मग वकिलाच्या मुलाने चष्मा काढून पुसला आणि समजावून सांगायला लागला. परवान्यावर दोन विद्यार्थी आणि एक नोकर असंच होतं. परवान्यात एक आणि रजिस्टरात दुसरं, असं चालत नाही. मागून कोणी तपासलं तर जीपवाल्याच्या वडिलांना खात्यात उत्तर द्यावं लागलं असतं, त्यांचा धंदा त्या खात्याशी. हे सगळं तो इतकं मुद्देसूद बोलत होता की मलाही क्षणभर पटायला लागलं.

“परवान्यावर नोकर कसा आला?” मी म्हणालो.

“अबे, परवाना महिनाभर आधी काढला होता,” जीपवाला म्हणाला. “आमच्या घरचा गडी येणार होता. त्याला ताप आला.”

“केव्हा?”

“निघायच्या तीन-चार दिवस आधी.”

तो हे अगदी सहज बोलला. बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तो जीपकडे बघू लागला. मी माझे दोन इस्त्रीचे शर्ट आठवले. ताडोब्याला काय लिहिलं, गडचिरोलीला काय लिहिलं, हे मी विचारलं. सगळीकडे तेच, वकिलाचा मुलगा म्हणाला, एकसारखंच ठेवावं लागतं. मग त्याला थोडा रागही आला. “तू स्वतःच करत होतास सगळं. पाणी आण, चूल पेटव. आम्ही एकदा तरी सांगितलं का तुला?”

हे खरं होतं. त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

“तुमी माहे पाव्हणे होते,” मी म्हणालो. चार वर्षांत त्यांच्याशी मी माझ्या बोलीत बोललो नव्हतो. शब्द आपोआप आले. जीपवाल्याला हसू आलं, त्याने ते दाबलं. पहिल्या वर्षी वर्गात त्याने कसं दाबलं असेल ते मला तेव्हा दिसलं.

“मामाचं तुम्हाला सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“अबे, मामाला वाचता कुठं येतं?” जीपवाला म्हणाला. आवाजात खरोखरीची काळजी होती, मित्राला अडचणीतून सोडवावं तशी. “तू सांग ना त्याला, लिहिलंय म्हणून. झालं.”

सकाळी मी नेमकं तेच करून आलो होतो. तो मला जे सुचवत होता ते मी त्याने सुचवायच्या आधी केलेलं होतं.

मी माझी वळकटी उचलली आणि चालायला लागलो. ते दोघं हाका मारत होते. वकिलाचा मुलगा वाळूतून थोडा मागे पळतही आला. मी थांबलो नाही. दुपारी सागाचे लठ्ठे घेऊन आलापल्लीकडे जाणारा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर तेलंगी होता, त्याने काही विचारलं नाही. त्या वाटेने बंगला लागणार हे मला माहीत होतं. मामा अंगणात सागाची पानं झाडत होता. पाठमोरा. त्याच्या बंगल्यावर मी पुन्हा एकदा उतरू शकत होतो, रात्र राहू शकत होतो, सांगू शकत होतो. मी सीटवर खाली सरकून बसलो आणि ट्रक पुढे गेला.

नागपूरला त्या दोघांशी मी पुन्हा बोललो नाही. एकदा टाऊन हॉलजवळ जीपवाला समोरून आला, त्याने हात वर केला, मी रस्ता ओलांडला. फोटोंचं पाकीट त्याने पोस्टाने पाठवलं. त्यात तो पाठमोरा फोटोही होता. ते पाकीट मी फाडून टाकलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण ते माझ्याजवळ आहे.

दीडेक वर्षानं मला वरोऱ्याच्या शाळेत कायमची जागा मिळाली. तोवर आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो, की सांगायचं. पेढे नेले होते. मामाने पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं, आईची, बहिणींची चौकशी केली. ‘तू’च म्हणत होता. रजिस्टराचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कंदिलाच्या काचा पुसत बसला होता तेव्हा मीच सुरू केलं. “मामा, त्या रजिस्टरात…”

“मले मालूम हाये,” तो म्हणाला.

आदल्या हिवाळ्यात एक तरुण साहेब आला होता. जो साहेब येईल त्याला मामा ते दुमडलेलं पान काढून दाखवायचा, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून, हा माझा भाचा, बी.ए. आहे म्हणून. वर्षभरात कितीजणांना दाखवलं असेल. या तरुण साहेबाने वाचलं, मामाकडे पाहिलं आणि विचारलं, तुझा भाचा कोणाकडे नोकर आहे का. तेव्हा मामाला कळलं.

“इतके लोक वाचून गेले,” मामा काच उजेडात धरून म्हणाला. “अच्छा म्हणून राह्यले, अन् गेले. कोणी बोल्लं नाई. मी बोट ठेवून दाखवो त्यायले.”

मी त्याला सगळं सांगितलं. परवाना, घरचा गडी, ताप, नदीकाठचं बोलणं. मी बोललो तेव्हा मला वाटत होतं की तो माझ्या बाजूने चिडेल, त्या दोघांना शिव्या देईल, आणि मग आम्ही दोघं मिळून त्यांना शिव्या देऊ. दीड वर्षं मी एकटाच देत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“ते पोट्टे परके,” तो म्हणाला. “त्यायनं लिवलं, लिवू दे. वाचणारा तर तू होता ना.”

मी म्हणालो, तुला वाईट वाटू नये म्हणून. त्याने काच कंदिलात बसवली आणि दुसरा कंदील ओढला.

मी अजून तीन दिवस राहिलो. त्याने काही कमी केलं नाही. मोहाच्या फुलांची भाकर करून घातली, तिन्ही दिवस. दुसऱ्या दिवशी डाकेचा माणूस आला. मामाची मुलगी राजुऱ्याला दिली होती, तिचं कार्ड होतं. तिच्या सासरचं कोणी लिहून द्यायचं. पूर्वी मी असलो की मामा कार्ड आधी माझ्या हातात द्यायचा आणि दोनदोनदा वाचून घ्यायचा, तिने ‘बाबाला नमस्कार’ कुठे लिहिलंय ते बोटाने दाखवायला लावायचा. मी हात पुढे केला. त्याने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, कोटाच्या खिशात घातलं आणि बटण लावलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “नाकेदार येते सांजच्याले.”

नाकेदार मराठी सातवी झालेला होता. त्या दिवशी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, वणवा लागला होता म्हणून तिकडेच राहिला. मी निघालो त्या सकाळी मामा मला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. अंगात तोच कोट होता. कार्ड खिशातच होतं आणि ते अजून कोणी वाचलं नव्हतं.